आमची वाटचाल : सुट्या भागांचे डॉलर, टॉवेलचे डॉलर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांनी साध्या यंत्रमागांवर टॉवेल विणायला सुरुवात केली, तेव्हा मागाचा सुटा भाग गावातच मिळे आणि परकीय चलनाशी आमचा संबंध येत नसे. पुढे आम्ही परदेशी बनावटीचे जुने रॅपियर (धोट्याविना विणणारे) माग घेतले, त्यांचे सुटे भाग ऑनलाइन मागवू लागलो, आणि पुरवठादाराच्या बिलात कधीच न दिसणारा एक खर्च, चलन बदलण्याचा, आमच्या खरेदीत शिरला.

समजा, ५०० डॉलरचा फीडर (मागाला सूत पुरवणारा भाग) घ्यायचा आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ८५ रुपये धरला, तर किंमत ४२,५०० रुपये होते. क्रेडिट कार्डाचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावरचे बँकेचे शुल्क, ३.५ टक्के असेल तर त्यावर १,४८७.५० रुपये चढतात, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटीचे २६७.७५ रुपये, आणि सीमाशुल्क व वाहतूक धरण्याआधीच आकडा ४४,२५५.२५ रुपयांवर जातो. शिवाय कार्डाचा दर बहुधा व्यवहार खात्यावर नोंदला जातो त्या दिवशीचा लागतो, ऑर्डर दिली त्या दिवशीचा नव्हे.

पैसे भरण्याच्या पानावर ‘रुपयांत भरा’ हा पर्याय पुष्कळदा आधीच निवडलेला असतो आणि त्याचा दर खाली बारीक अक्षरांत दिलेला असतो. आमचे हिशेबनीस सर्वांत आधी ती खूण काढून डॉलरवर ठेवतात. कारण रुपयांचा आकडा वाचायला कितीही बरा वाटला, तरी त्यातला दर विक्रेत्याच्या बाजूने ठरलेला आणि बहुतेक वेळा महाग असतो, आणि विक्रेता परदेशी म्हणून काही बँका त्यावरही आपले शुल्क लावतात.

मोठ्या रकमा आम्ही बँकेमार्फतच पाठवतो. तेथे आयात-निर्यात कोड आणि बिल द्यावे लागते, पण दराबाबत घासाघीस करता येते, हे लहान कारखानदार सहसा विचारातच घेत नाहीत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या एफएक्स-रिटेल या परकीय चलन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन व्यासपीठावरचा दर समोर ठेवला, की बँकेशी बोलणे सोपे जाते. वाटेतल्या बँकांचे शुल्क कोणी सोसायचे हेही ऑर्डरमध्येच लिहून घ्यावे, नाहीतर पुरवठादाराला रक्कम कमी पोहोचते आणि माल तिकडेच अडकून पडतो.

टॉवेलची निर्यात सुरू झाल्यावर आम्ही बँकेत ईईएफसी खाते, म्हणजे निर्यातीतून आलेले परकीय चलन तसेच ठेवण्याचे खाते, उघडले. त्यावर व्याज मिळत नाही आणि शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते; तरीही आलेल्या डॉलरमधूनच डॉलरची बिले भागत असल्याने विकताना एकदा आणि घेताना पुन्हा एकदा बँकेचा वाटा जात नाही. युरोतल्या बिलांना मात्र हा उपाय अपुरा पडतो, म्हणून त्या पुरवठादारांकडून आम्ही युरो आणि डॉलर असे दोन्ही दर मागवतो आणि बँकेच्या त्या दिवशीच्या दराशी ताडून पाहूनच ऑर्डर देतो.