गाडीने स्वतःहून ब्रेक लावावा का?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातील एका वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. डोंगरावरून वाहून आलेली तांबडी माती रस्त्यावर पसरली होती आणि मी घाबरून मोटारसायकलचे पुढचा-मागचा असे दोन्ही ब्रेक एकदमच दाबले. उजव्या हाताच्या बोटांखाली लिव्हर थरथरली, म्हणजे पुढच्या चाकाचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कामाला लागले होते. मागचे चाक मात्र जाम झाले आणि गाडीची मागची बाजू उजवीकडे घसरू लागली. माझ्या गाडीचे एबीएस सिंगल चॅनेल, म्हणजे केवळ पुढच्या चाकापुरते आहे. मागच्या ब्रेकवरचा पाय उचलला तेव्हा गाडी सरळ झाली आणि म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीने मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही.

मोटारसायकलवर तंत्रज्ञान किती असावे, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या वळणावरच ठरले. चाकाचा वेग एकाएकी पडत असल्याचे सेन्सरने टिपताच एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा लावते, आणि हे सेकंदाला अनेक वेळा करते. इतके चपळ बोट कोणत्याही चालकाला नाही. पण थांबायचे हे मी ठरवले होते. बॉश कंपनीने २०१३ मध्ये केटीएमच्या ११९० अॅडव्हेंचर या मोटारसायकलवर आणलेली यंत्रणा याच्याही पुढे जाऊन गाडी किती कललेली आहे हे मोजते आणि वळणात ब्रेक दाबला तरी टायरची पकड सुटणार नाही इतकाच दाब देते. निर्णय तिथेही चालकाचाच असतो, म्हणून ती मला मान्य आहे.

आपणहून चालणाऱ्या गाडीचे वेड मात्र निराळे आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील मोहावीच्या वाळवंटात झालेल्या चालकविरहित वाहनांच्या स्पर्धेत बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मोटारसायकल सुरुवातीच्या रेषेवरच आडवी झाली, कारण तोल सांभाळणारी यंत्रणा चालू करायचीच राहून गेली होती. यामाहाच्या मोटोबॉट या यंत्रमानवाने २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील थंडरहिल ट्रॅकवर फेरी पूर्ण केली, पण मोटारसायकल शर्यतींचा विश्वविजेता व्हॅलेंटिनो रॉसीपेक्षा सुमारे ३२ सेकंद उशिरा. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये रिकाम्या आसनाची आर १२०० जीएस मोटारसायकल वळणे घेत फिरवून दाखवली खरी. मात्र असे वाहन विकायचे नसून सुरक्षेच्या यंत्रणांसाठी गाडीचे वर्तन समजून घ्यायचे आहे, असे कंपनीनेच सांगितले. होंडाने २०१७ मध्ये दाखवलेली, उभ्या जागी स्वतःचा तोल सांभाळणारी गाडी मला यापेक्षा उपयोगी वाटते. सिग्नलला जड गाडी पायावर तोलताना ज्यांचा गुडघा दुखतो, त्यांना हे सांगायला नको.

खरी अडचण आहे ती स्वतःहून लागणाऱ्या ब्रेकची. डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही ४ या मोटारसायकलवर २०२० मध्ये आसपासची वाहने टिपणारे रडार पुढे-मागे आले. आरशाच्या कडेने येणाऱ्या वाहनाची सूचना देणारा त्यातला दिवा मला आजही हवा आहे. पण त्याच रडारच्या भरवशावर उद्या गाडीने कचकन ब्रेक लावायचे ठरवले, तर काय होईल? मोटारीतल्या माणसाला पट्टा धरून ठेवतो. दुचाकीवर आपण ब्रेक दाबण्याआधीच नकळत मनगटे घट्ट करतो, मांड्यांनी टाकी आवळतो, आणि ही अर्ध्या क्षणाची तयारीच आपल्याला आसनावर ठेवते. माझी आई मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसते. ब्रेक लागणार हे तिला माझे खांदे ताठरल्यावर समजते, कारण तिचा एक हात तिथे असतो. खुद्द मलाच पत्ता नसेल तर तिला कोण सांगणार? शिवाय पुण्याच्या लक्ष्मी रोडवर संध्याकाळी दोन हातांवरून रिक्षा आडवी घुसते, तो आपल्याकडे अपघात नसून रहदारीचा नेहमीचा भाग असतो. प्रत्येक रिक्षाला दचकणारी गाडी घरी पोचायची कधी?

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले, तेही एका चाकापुरते चालते. त्याखालच्या, म्हणजे दूधवाल्यापासून कारकुनापर्यंत बहुतेकांच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या जोडणीवर भागवता आले. ती जोडणी चाक जाम होणे थांबवत नाही. रडारची चर्चा करण्याआधी या गाड्यांची दोन्ही चाके सुरक्षित करायला हवी होती, असे मला वाटते.

परवा नवी गाडी पाहायला एका दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने मोबाइल जोडता येणारा पडदा, त्यावरचा नकाशा आणि फोन आल्याची सूचना हे सगळे उत्साहाने दाखवले. मागच्या चाकाला एबीएस आहे का, असे विचारले तेव्हा मात्र त्याला माहितीपत्रक शोधावे लागले.