एअरबॅगला हात लावण्याआधी टूल तपासलं : माझा अनुभव

भंगारात निघालेल्या गाडीत न फुटलेली एअरबॅग तशीच ठेवून चालत नाही. मोकळ्या जागेत नेऊन ती मुद्दाम फोडावी लागते. हे काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा उस्तादांनी गाडीच्या चावीऐवजी टूलची पेटी हातात दिली. म्हणाले, "आधी हे तपास. गाडी कुठे पळून जात नाही."

एअरबॅग लांबून फोडायचं हे टूल दिसायला साधंच. एका बाजूला बॅटरीला लावायचे दोन चिमटे, मध्ये बटण आणि दिवा, दुसऱ्या बाजूला लांबलचक वायर. आमच्या मॅन्युअलमध्ये गाडीपासून किमान 10 मीटर लांब उभं राहायला सांगितलंय, म्हणून वायर एवढी मोठी. ती पूर्ण उलगडली आणि बोटांतून सरकवत शेवटपर्यंत गेलो. कनेक्टरजवळ, जिथे गुंडाळताना ती नेहमी दुमडते, तिथे वरचं आवरण चिरलेलं हाताला लागलं. नुसतं बघून ते कळलं नसतं. वायर बदलून घेतली.

मग दिव्याची तपासणी. एअरबॅग न जोडता लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. दिवा बंद. बटण दाबलं, लागला. सोडलं, विझला. बहुतेक जण दाबल्यावर दिवा लागतो एवढंच बघतात. मला न दाबता तो बंद राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बटणाला हात न लावता दिवा लागत असेल तर आतला स्विच चिकटलेला असू शकतो, आणि बटण दाबायच्या आधीच एअरबॅग फुटू शकते. ड्रायव्हरसमोरची एअरबॅग साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांत फुगते. तेवढ्यात पापणीसुद्धा लवत नाही, मागे सरकायचं तर सोडाच.

टूल पास झाल्यावर चिमटे काढले. गाडीच्या बॅटरीचा मायनस काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबलो, कारण एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज उरलेला असतो. मग एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडवून तिला टूल जोडलं, लांब गेलो आणि तिथे, अगदी शेवटी, टूलला बॅटरी लावली. आसपास कुणी नाही हे बघून बटण दाबलं. फुटलेली एअरबॅग बराच वेळ तापलेली असते, म्हणून अर्धा तास तिच्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलेल्या गाडीचा फॉल्ट शोधतानाही मी हाच क्रम पाळतो: आधी टूल तपासायचं, मग गाडी. एअरबॅगला थेट मल्टिमीटर (रेझिस्टन्स वगैरे मोजायचा मीटर) लावायचा नाही, कारण मीटर स्वतः करंट सोडतो आणि तेवढ्यानेही ती फुटू शकते. तिच्या जागी सुमारे 2 ओहमचा डमी रेझिस्टर लावतात. तो मात्र मीटरवर आधी मोजून घ्यावा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरींचा रेझिस्टन्स बघावा आणि तो वजा करावा. 2 ओहमच्या मापात अर्ध्या ओहमची चूक फार मोठी असते.