तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेर चित्र काढायला ईझल कुठला घेऊ?

रविवारी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराच्या मागे नदीकाठी बोर्ड लावून उभी असले की मागे थांबून बघणाऱ्यांतला एखादा तरी चित्राबद्दल न विचारता खालच्या तिकाटण्याबद्दल विचारतो. "हा स्टँड कुठून घेतलात? मलाही बाहेर जाऊन निसर्गचित्रं करायचीत. कुठला ईझल घेऊ?" ब्रश ओला असताना दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज निवांत लिहिते.

मी आधी उलट विचारते, की तुम्ही जाणार कसे? गाडीच्या डिकीत सामान टाकून, की खांद्यावर घेऊन एसटीने? मग रंग कुठले आणि कागद केवढा? ईझल या तीन उत्तरांतून ठरतो. दुकानात मात्र बहुतेक जण या क्रमाने जात नाहीत. समोर पितळी बिजागऱ्यांची, पॉलिश केलेली लाकडी पेटी दिसते आणि मन तिच्यावरच बसतं.

घडीचे पाय असलेली ती पेटी म्हणजे फ्रेंच ईझल. सुंदरच असते ती, आणि ती तशी का आहे हेही समजून घेण्यासारखं आहे. 1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी दाबून वापरायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. तोवर तैलरंग प्राण्यांच्या मूत्राशयाच्या कातड्याच्या लहान पिशव्यांत बांधून न्यावे लागत. ट्यूब आल्यावर तैलरंग घेऊन शेतात, नदीवर जाणं सोपं झालं आणि पेटीचा ईझल चित्रकारांच्या सोयीचा ठरला. ट्यूब ठेवायला खण, पॅलेटला जागा, ओला कॅनव्हास तसाच अडकवून घरी आणायची सोय. तैलरंगात काम करणाऱ्याला हे सगळं लागतं. शिवाय तैलरंगाचा कॅनव्हास जवळजवळ उभा हवा, नाहीतर ओल्या रंगावर आकाश चमकतं आणि खरी छटा कळत नाही. हा ईझल तो तसा छान धरतो.

पण त्याचं वजन पाच-सहा किलो, रिकाम्याचं. त्यात रंग, पाणी, डबा, छत्री धरा. वाईला एसटीतून उतरून मेणवलीपर्यंत तीनेक किलोमीटर हे ओझं घेऊन चालून बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पाय ओढून बाहेर येत नाहीत. तुम्ही तैलरंगात काम करत असाल आणि गाडीने जात असाल तर जरूर घ्या, आयुष्यभर पुरेल. जलरंगासाठी तो आडवा करता येतो, पण तेवढ्यासाठी एवढं वजन वाहावं असं मला वाटत नाही. आणि मला विचारणारे दहातले नऊ जण जलरंगवाले असतात.

जलरंगाची गरजच वेगळी. बोर्ड उभा चालत नाही, पूर्ण सपाटही चालत नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना बोर्ड पंधरा-वीस अंश आपल्याकडे उतरता हवा, म्हणजे ब्रशच्या खाली रंगीत पाण्याची एक जाड ओळ साचते आणि प्रत्येक फटक्यासरशी ती खाली सरकते. शेवटी कोरड्या ब्रशने ती टिपून घेतली की आकाश एकसंध राहतं. आता हाच बोर्ड डावीकडे जरासा कलला तर ती ओळ कोपऱ्यात जाऊन साचते, आणि वरचा भाग सुकत आला असताना ते पाणी परत वर चढतं. कागदावर फुलकोबीसारखा डाग उमटतो आणि तो काही केल्या जात नाही. म्हणून जलरंगाच्या ईझलला माझी एकच मोठी अट आहे. बोर्ड पुढे-मागे हवा तसा, काम चालू असताना एका हाताने कलता झाला पाहिजे, आणि बाजूला अजिबात कलता कामा नये.

ही अट कॅमेऱ्याचा ट्रायपॉड सगळ्यात चांगली पुरी करतो. गेली कित्येक वर्षं मी तोच वापरते. दीड किलोच्या आसपास, पिशवीत मावणारा, घरात कुणाचा तरी पडून असलेला. मात्र त्याचं डोकं बघून घ्या. गोळ्यावर फिरणारं, म्हणजे बॉल हेड, घेऊ नका. एक स्क्रू सैल केला की बोर्ड सगळ्याच दिशांना लोळतो, आणि मोठ्या बोर्डाच्या वजनाने हळूहळू मान टाकतो. दांडी असलेलं, प्रत्येक दिशेला वेगळा स्क्रू असलेलं पॅन-टिल्ट हेड घ्या. दांडी फिरवली, बोर्ड उतरता केला, पुन्हा घट्ट. मधला दांडा वर खेचून उंची वाढवायचा मोह होतो, तो टाळा. त्याने सगळं डगमगतं. पायांनीच छातीच्या खालपर्यंत येईल असा ट्रायपॉड हवा.

बोर्ड ट्रायपॉडला जोडायची रीत जरा बारकाईने सांगते, कारण लोक इथेच अडतात. ट्रायपॉडच्या डोक्यावर जी प्लेट असते तिचा स्क्रू पाव इंची असतो, इंचाला 20 आटे. हार्डवेअरच्या दुकानात "टी-नट", म्हणजे चकतीला नळी असलेला, लाकडात ठोकायचा नट मागा, पण पाव इंचीच. नाहीतर हमखास सहा मिलिमीटरचा हातात देतात. दिसायला सारखाच, पण त्याचे आटे बारीक. एखादा आटा धरल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. मी अशाच एका नटात प्लेटचा स्क्रू जोर लावून फिरवला आणि तो खराब केला.

नट थेट बोर्डात ठोकू नका, त्याची चकती कागदाखाली टेंगळासारखी लागते. चार इंची चौकोनी प्लायचा तुकडा घ्या, नटाची नळी जेवढी लांब तेवढ्याच जाडीचा. जाड घेतलात तर प्लेटचा आखूड स्क्रू नटापर्यंत पोचतच नाही. तुकड्याच्या वरच्या बाजूने नट ठोका, चकती बसेल एवढी जागा पटाशीने खरवडा आणि ती बाजू बोर्डाच्या पाठीला, अगदी मधोमध, पाण्याने न सुटणाऱ्या फेव्हिकॉलने चिकटवा. रात्रभर वजन ठेवा. पेठेतल्या सुताराला चित्र काढून दाखवलंत तर तो अर्ध्या तासात करून देतो. बोर्ड चार मिलिमीटर प्लायचा, वॉर्निश मारलेला. एमडीएफ नको, पाणी पिऊन त्याच्या कडा फुगतात. हाफ इम्पीरियल, म्हणजे 15 बाय 22 इंच कागदापर्यंत हे सगळं व्यवस्थित चालतं. त्याहून मोठा कागद मी बाहेर नेत नाही. तो भरून होईपर्यंत सावल्या पार फिरलेल्या असतात.

वाऱ्याबद्दल मात्र मला मेणवलीने शिकवलं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा तो अर्धचंद्राकृती घाट, वसईहून आलेल्या घंटेचं छोटं देऊळ, समोर कृष्णा. तेव्हा माझ्याकडे बाजारात मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा हलका ईझल होता, किलोभराचा, काडीसारख्या पायांचा. अकराच्या सुमारास नदीवरून वारा सुटला. बोर्ड शिडासारखा भरला आणि मी पाण्याचा डबा बदलायला वळले तेवढ्यात सगळं पायऱ्यांवरून खाली गेलं. चित्र पाण्याच्या कडेला पालथं पडलं होतं. तीन तास बसून पकडलेली दगडांवरची सकाळ होती ती. तशी परत जमली नाही, त्या जागी चार वेळा जाऊनही. आजही त्याची हळहळ वाटते.

तेव्हापासून ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पिशवी अडकवते, त्यात पाण्याची भरलेली बाटली. पण पिशवी लोंबकळत ठेवली तर ती झोके घेते आणि बोर्ड हलतो. दोरी एवढी लांब ठेवा की पिशवी जेमतेम जमिनीला टेकेल. घाटावर एक पाय वरच्या पायरीवर आणि दोन खालच्या, लांब करून. छत्री ईझलला बांधू नका, वारा तिलाच आधी धरतो. रंगीत छत्री तर नकोच, तिची छटा कागदावर पडते आणि घरी आल्यावर सगळं चित्र भलत्याच रंगाचं दिसतं. शक्यतो झाडाची किंवा भिंतीची सावली शोधा. कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच सावलीत हवेत.

हर्णै किंवा मालवणला किनाऱ्यावर काम केलंत तर घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. वाळू आणि खार सांध्यात राहिली की पाय पिळून घट्ट करायचे असोत की खटक्याचे, दोन्ही अडकून बसतात.

ट्रायपॉड सगळीकडे चालतो असं नाही. मंडईत सकाळी त्याचे पसरलेले पाय हमालांच्या वाटेत येतात. त्यांचं काम चाललेलं असतं, आपण बाजूला व्हावं. शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूत तो लावायला आधी परवानगी लागते. अशा वेळी मी घडीचं स्टूल आणि मांडीवर पाव इम्पीरियलचा बोर्ड, एवढंच नेते. आपल्याकडे कितीतरी चांगली जलरंगचित्रं मांडीवरच झालेली आहेत. तोटा एवढाच की उठून चार पावलं मागे जाऊन चित्र बघायचा कंटाळा येतो. उभं राहून काम करताना ते आपसूक होतं, आणि म्हणूनच मी गुडघे चालतील तोवर उभीच राहणार आहे.

विकत घेण्याआधी एकदा हातात धरून बघायचं असेल तर रविवारी सातच्या सुमारास ओंकारेश्वरापाशी या. आपला कागद आणा. दांडी फिरवून बोर्ड उतरता करा, एक आकाश रंगवून बघा. दहानंतर ऊन थेट बोर्डावर येतं, मग मी आवरते.