आधार अवैध : एका शेऱ्याची पूर्तता करताना

आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेची वार्षिक तपासणी झाली. दप्तर, पोषण आहाराचा साठा, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, मुलांचं वाचन, सगळं ठीक. अडलं ते शेरेबुकातल्या एका ओळीवर : एका विद्यार्थिनीचं आधार अवैध, पूर्तता करावी.

ती मुलगी तिसरीतली. आईबाप कर्नाटकातल्या विजयपूरकडचे, इथे चिरेखाणीवर (जांभा दगडाच्या खाणीवर) कामाला. राजापूर-लांजा भागात अशी बरीच कुटुंबं पाऊस सरला की येतात. हे मात्र वर्षभर इथेच राहतात. पोरगी रोज हजर. तपासणीच्या दिवशी साहेबांनी तिच्याकडूनच पाठ वाचून घेतला, शाबासकीही दिली. तरी विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद असते त्या सरकारी पोर्टलवर तिच्या नावापुढे लाल खूण. याचा राग मला अजून आहे.

2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का ते तपासलं, आणि खोटे पट उघडे पडले. त्यामुळे खातरजमा हवी हे मला मान्य आहे. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात, त्यातही आधार वैध असलेली मुलं. लहान पटाच्या शाळेत एका मुलावर शिक्षकाचं पद अडू शकतं.

घोळ असा होता. आधारवर मुलीचं आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही. जन्मतारीख 1 जानेवारी. आमच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून घेतलेली तारीख वेगळी, नावही वेगळं. नाव, लिंग, जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पोर्टल मुलाला वैध म्हणत नाही. रजिस्टरात मुख्याध्यापकाला परस्पर खाडाखोड करता येत नाही, म्हणून वरच्या कार्यालयात विचारलं. तिथे म्हणाले, आधार बदला. आधार केंद्रात म्हणाले, जन्मदाखला आणा. दाखला कर्नाटकातल्या गावी. परत कार्यालयात गेले, तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमची पूर्तता अजून आली नाही." कोणता कागद चालेल हे मात्र लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. केंद्रावर नंतर कळलं की पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसेही द्यायचे राहिलेत. दर खेपेला आईची मजुरी बुडायची. ती मराठी जेमतेम बोलते, म्हणून खाणीवरच्या मुकादमाला दुभाष्या म्हणून बरोबर घ्यायचं. ती एकदाही कुरकुरली नाही, हे मी विसरणार नाही.

शेवटी गावाकडच्या नातेवाइकांनी जन्मदाखला काढून पाठवला. त्यावर कन्नडबरोबर इंग्रजीही होतं, म्हणून केंद्रावर अडलं नाही. त्यावरची तारीख आधीच्या शाळेच्या दाखल्याशी जुळली, आधार दुरुस्त झालं. मग नावाचा प्रस्ताव जोडून रजिस्टरातल्या दुरुस्तीची मंजुरी घेतली आणि पोर्टलवर ती वैध दिसली. त्या दिवशी शाळेत आम्ही दोघीही शिक्षिका खूप खूश होतो.

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून जन्मदाखला हातात आल्याशिवाय अर्ज करू नका. आधारच्या पावतीची प्रत शाळेत ठेवा. प्रवेश देतानाच आधार आणि आधीच्या शाळेचा दाखला शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. पूर्तता अहवालाला पोर्टलच्या पानाची छापील प्रत जोडा, पोचेवर आवक क्रमांक घ्या. आणि खाणी पावसात बंद झाल्या की बरीच कुटुंबं गावी जातात. त्याआधी पालकांना चिठ्ठी लिहून द्या, म्हणजे येताना जन्मदाखला घेऊनच येतील.