काळे कपडे आणि पांढरी मांजर

आमची मांजर पांढरीशुभ्र आणि माझे निम्मे कपडे काळे. त्यामुळे घरात मांजर आहे हे मला कुणाला सांगावं लागत नाही. पाठमोरी उभी राहिले की लोकांना कळतं.

पहिल्या वर्षी मी घाबरलेच होते. सोफ्यावरून हात फिरवला की मूठभर लव हातात. एवढं गळतंय म्हणजे आठवड्याभरात ही टकली होणार! पण तिच्या अंगावर एक जागा विरळ होईल तर शपथ. प्राण्यांच्या डॉक्टरांनी बोटांनी केस फाकून कातडी पाहिली आणि विचारलं, "घरातले दिवे रात्री किती वाजता बंद होतात?" मला वाटलं, हे चुकून माझीच तपासणी करतायत.

पण मुद्दा दिव्यांचाच होता. ऋतू बदलला हे मांजराच्या अंगाला कळतं ते मुख्यतः दिवस किती मोठा आहे यावरून. दिवस वाढू लागला की थंडीसाठी वाढवलेली आतली मऊ लव उतरवायची, आखडू लागला की पुन्हा दाट करायची. बाहेर हिंडणाऱ्या मांजरांची अशी मोठी कात वर्षातून साधारण दोनदा पडते. आमच्याकडे मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइट. त्या बिचारीच्या अंगाला ऋतूचा पत्ताच लागेना, म्हणून थोडं थोडं बारा महिने चालूच. जागरणं माझी, केस तिचे.

तिच्या बाजूने ती कसूर करत नाही. जागेपणीचा मोठा वेळ अंग चाटण्यातच जातो. तिची जीभ हाताला खरखरीत लागते ती बारीक काट्यांमुळे. त्या काट्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात आणि त्यातून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. फणी आणि पाणी एकाच जागी! खोट एवढीच, की काटे घशाकडे वळलेले. अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे जातात. राहिलेले पहाटे, शक्यतो गालिच्यावर, परत येतात. त्याला आपण गोळा म्हणतो खरं, पण अन्ननळीतून आल्यामुळे असते ती लांबट सुरळी.

म्हणून तिच्या जिभेआधी माझा ब्रश. सुरुवात हनुवटीखाली, मग मान, मग पाठ, केसांच्या दिशेनेच. पोटाचं नाव काढायचं नाही. शेपटीचं टोक फटफट आपटायला लागलं की बैठक बरखास्त. लांब केसांच्या मांजराला हे रोज लागतं, नाहीतर गुठळ्या होतात. आमचीला एरवी आठवड्यातून दोनदा पुरतं. "सरळ भादरून टाक," असंही एकाने सुचवलं होतं. उन्हापासूनही तेच केस तिला वाचवतात, हे त्याला कोण सांगणार! मात्र टक्कल पडलं, खपली दिसली किंवा ती एकच जागा सारखी चाटत बसली, तर ब्रश ठेवून डॉक्टर गाठावा. पिसवा, बुरशी, कधी नुसता ताणही असतो.

सोफ्यासाठी ओला रबरी हातमोजा. एका दिशेने ओढला की लव वळकटीसारखी गोळा होते. ब्रशमधले केस मी बोटांनी वळून छोटी गोळी करते. ती तिला फार आवडते. खुर्चीखालून, दाराआडून स्वतःच्याच केसांची शिकार चालते. तोंडात धरली की मात्र मी काढून घेते. नाहीतर पहाटे तीच गोळी गालिच्यावर भेटायची.