टॅग उघडे, अर्थ कुलपात

धरणगावच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचं, जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम सध्या हातात आहे. जुना डाटा कसा मिळेल म्हणून त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, तर गडी ठसक्यात म्हणाला, "सर, आपलं एक्सपोर्ट एक्सएमएलमध्ये आहे. ओपन स्टँडर्ड!" एक्सएमएल म्हणजे डाटा नावं दिलेल्या खुणांमध्ये, म्हणजे टॅगमध्ये, गुंडाळून लिहायची सगळ्यांसाठी खुली पद्धत.

फाइल आली, नोटपॅडमध्ये उघडली. वर एक्सएमएलची नेहमीची पहिली ओळ, खाली 'डाटा' नावाचा टॅग आणि त्याच्या पोटात बेस-६४ केलेल्या, म्हणजे कुठलीही फाइल साध्या अक्षरांत बदलायच्या पद्धतीने लिहिलेल्या, अक्षरांचा एकच भला मोठा लगदा. मग 'डाटा' बंद. संपली फाइल. बेस-६४ उलटवायला मिनिट लागत नाही. उलटवलं तर आतून निघाली त्यांचीच बायनरी फाइल, जी त्यांच्याच सॉफ्टवेअरला वाचता येते.

आणि गंमत म्हणजे गडी खोटं बोलला नव्हता. कुठल्याही पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, ती फाइल द्या, तो ती बिनतक्रार वाचतो. फेब्रुवारी १९९८मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एक्सएमएल १.० जाहीर केलं, त्यात टॅग कसा उघडावा, कसा बंद करावा, एकात एक कसे बसवावेत हे काटेकोर सांगितलं आहे. टॅगमध्ये काय भरावं आणि त्याचा अर्थ काय, हे ज्याच्या-त्याच्यावर सोडलं आहे. मार्कअपची, म्हणजे मजकुराला असे टॅग लावण्याची, कल्पना त्याहून बरीच जुनी. १९६९च्या सुमारास आयबीएममध्ये जीएमएल तयार झालं, त्यातूनच पुढे एसजीएमएल आलं आणि १९८६ साली आयएसओ ८८७९ या क्रमांकाने त्याचं मानक झालं. मजकूर दिसतो कसा हे न लिहिता तो आहे काय हे लिहायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या मशीनलाही तो कळेल, असा त्यामागचा विचार. पण 'आहे काय' हे त्या धंद्यातल्या लोकांनी बसून ठरवून, लिहून ठेवावं लागतं. ते काम एक्सएमएल करत नाही.

शेठनी स्वतः फोन लावला. "डाटा मना शे, मंग माले का बरं देत नहीत?" एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा. त्याचा परिणाम माझ्या तांत्रिक भाषेपेक्षा जास्त झाला आणि ओळीओळीने लिहिलेली दुसरी फाइल आली. पार्टी, तारीख, आयटम, 'क्यूटीवाय', रेट. वाटलं, जमलं.

आता जिनिंगमध्ये 'क्यूटीवाय' म्हणजे काय? शेतकऱ्याचा कापूस काट्यावर येतो तो क्विंटलमध्ये. त्यातून निघालेल्या रुईचा भाव बोलला जातो खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. प्रेसमधून बाहेर पडते ती गाठ, साधारण १७० किलोची. सरकी पुन्हा क्विंटलमध्ये. या चारहींसाठी फाइलमध्ये टॅग एकच, एककाचा टॅगच नाही. कुठल्या आयटमला कुठलं एकक लावायचं हे प्रोग्रॅमच्या कोडमध्ये, आणि कोड लिहिणारा पोरगा नोकरी बदलून पुण्याला. आयटमच्या नावावरूनही कळेना, कारण रुई कधी खंडीत टाकलेली, कधी गाठीत. शेवटी जिनिंगचे जुने दिवाणजी, नाना, शेजारी येऊन बसले. "भाव देख ना भाऊ, समजी जास." जसं, रेट सात हजारांच्या आसपास असेल तर क्विंटल, पन्नास हजारांच्या वर असेल तर खंडी. नानांच्या डोक्यातला हा नियम मी स्क्रिप्टमध्ये लिहिला. सगळ्या डाटाचं स्कीमा, कुठे काय आहे ते सांगणारा आराखडा, म्हणजे नाना.

नावांची कथा आणखी वेगळी. शेतकऱ्यांची नावं मराठीत, पण युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत नाहीत, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. म्हणजे फाइलमध्ये 'पाटील' नसतोच. असतात आय, के, व्ही, एच, वाय ही इंग्रजी अक्षरं. त्यांना फॉन्ट चढवला की पडद्यावर पाटील दिसतात. त्यातली व्ही मोठ्या लिपीतली असेल तरच 'ट' उमटतो. छोटी व्ही म्हणजे 'अ'. त्या सॉफ्टवेअरने एक्सपोर्ट करताना नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळी अक्षरं छोटी करून टाकली होती. त्यामुळे यादीभर 'पाअील'. एकट्या धरणगाव तालुक्यात पाटील किती, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या गावचे पाटील शब्दकोशावरून दुरुस्त होतील, पण ज्या आडनावात मुळात 'अ' आणि 'ट' दोन्ही बसू शकतात, तिथे जुन्या हिशोबपट्ट्यांचे कागद काढून हाताने बघणं आलं. टेक्स्ट फाइल, कोणालाही उघडता येणारी, आणि तरी बंद.

हा गावठी कारभार आहे असं कोणाला वाटत असेल तर मोठ्यांचं उदाहरण घ्या. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ओपन एक्सएमएल २००६मध्ये एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं, सहा हजार पानांचं. त्यात 'ऑटोस्पेसलाइकवर्ड९५' नावाचा एक टॅग होता. अर्थ काय, तर अंतर वर्ड ९५ सोडायचं तसं सोडा. वर्ड ९५ कसं सोडायचं? ते तिथे लिहिलेलं नव्हतं. ओडीएफ हे ऑफिसच्या कागदपत्रांचंच दुसरं खुलं स्वरूप त्याच वर्षी आयएसओ मानक झालेलं असताना दुसरं कशाला, हा वादही होताच. भारताने आयएसओमध्ये मायक्रोसॉफ्टच्या या मानकाच्या विरोधात मत दिलं, आणि २००८मध्ये ते तिथे मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला यांच्यासोबत अपीलही केलं. अपील फेटाळलं गेलं. आज आपण सगळे त्याच मानकातलं डॉक्सएक्सच पाठवतो, मीसुद्धा.

त्यामुळे 'ओपन' या शिक्क्यावर माझा फारसा जीव नाही. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचंच बघा. त्याची एक्सएमएलची ठेवण पूर्णपणे कंपनीची, कुठल्या समितीने ठरवलेली नाही. पण कंपनीने ती लिहून ठेवली आहे, नमुने दिले आहेत, त्यामुळे जळगावात कॉमर्स शिकलेलं पोरगंही एक्सेलमधून व्हाउचर टॅलीत ढकलतं. उद्या कंपनीने ठेवण बदलली तर आपण काही करू शकत नाही, हे खरं. आज मात्र काम चालतं.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये तर एक्सएमएलसुद्धा नाही, जेसॉन ही डाटा लिहायची दुसरी पद्धत आहे. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते लागू झालं, म्हणजे बऱ्याच जिनिंगा आल्याच. पण स्कीमा जाहीर आहे आणि एककांचे कोड ठरलेले आहेत. गाठीला बीएएल, क्विंटलला क्यूटीएल. खंडीला कोडच नाही, तिथे किलो करून भरा. यादीत सीएएन आहे, ते बघून कोणाला कँडी, म्हणजे खंडी वाटेल. तो पत्र्याचा डबा. तरी भांडायला समोर एक यादी आहे, पुण्याला गेलेला पोरगा शोधावा लागत नाही.

नव्या सॉफ्टवेअरसाठी शेठच्या वतीने मी एक कागद केला. नावं युनिकोडमध्ये हवीत, प्रत्येक आकड्याशेजारी एकक हवं, प्रत्येक टॅगचा अर्थ लिहून हवा, आणि अॅडव्हान्स देण्याआधी एका महिन्याच्या नमुना नोंदी बाहेर काढून दाखवा. एका विक्रेत्याचं उत्तर, "सर, एवढं कोणी मागत नाही." दुसऱ्याने दोन दिवसांत सगळं पाठवलं, त्यात खंडीचे किलोही बरोबर लिहिलेले. त्याचा भाव जास्त आहे, म्हणून शेठ घासाघीस करतायत. गणेश चतुर्थीला काटापूजन करून खरेदी सुरू करायची म्हणतात, त्याआधी काय ते ठरवावं लागेल.