काठीचा सराव

मार्गशीर्षातली थंडी पडली की आमच्या पेठेतलं मंडळ जागं व्हायचं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची यात्रा जवळ आलेली असायची आणि पोरांना नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच मानाची काठी, पेलायचा सराव हवा असायचा. रोज रात्री जेवणं उरकली की बोळ माणसांनी भरायचा. काठी उभी पेलणारा एकटा, बाकीचे भोवती सावध. तोल गेला की अप्पांचा आवाज यायचा, "नजर शेंड्यावर ठेव की!" सराव संपल्यावर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. अक्कांच्या हातच्या त्या चटणीची चव मला पुन्हा कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

त्याच बैठकीत मानाचे सात नंदीध्वज, निरनिराळ्या समाजांकडे असलेले त्यांचे मान, सगळं कानावर पडायचं. पहिल्या दिवशी सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता, तिसऱ्या दिवशी होम. कुंभारकन्येचा विवाह सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागला, ही कथा मी पुस्तकात वाचण्याआधी त्या बोळातच ऐकली, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये.

एका वर्षी बैठकीत बराच वाद झाला. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाणारी माणसं सोलापुरात चादर घेतात आणि पुढची गाडी धरतात. त्यांनी यात्रेला थांबावं, म्हणून मार्गावर खुर्च्या मांडून तिकीट ठेवावं, असं एका तरुणाने सुचवलं. अप्पा उभे राहिले. "पाव्हणे येऊ द्यात. अनवाणी चालू द्यात आमच्याबरोबर. पण त्यांना बघायला मिळावं म्हणून काठी थांबणार नाही." अक्का म्हणाल्या, "पहाटे उठून दारात रांगोळी आम्ही घालतो. ती कुणासाठी, हे आधी आम्हाला विचारा."

मला आजही दोघांचं म्हणणं पटतं. पण त्या तरुणाची तळमळही खोटी नव्हती. यंत्रमाग बंद पडत गेले तसा पेठेतल्या किती घरांचा रोजगार गेला, हे आम्ही पाहिलंय. पाहुणा दोन दिवस राहिला तर खानावळवाल्याला, रिक्षावाल्याला, चादरीच्या दुकानदाराला चार पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. फक्त यात्रेची वेळ, वाट आणि विधी ठरवण्याचा हक्क बाराबंदी हा पांढरा पारंपरिक अंगरखा घालून काठीखाली उभं राहणाऱ्यांचाच राहावा.

शेवटी तोडगा अक्कांनीच काढला. सरावाला येणाऱ्या मुलांनी पाहुण्यांना वाट दाखवायची, लिंगांची माहिती सांगायची आणि यात्रा नसेल तेव्हा तळ्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला फिरवून आणायचा. पैसे मुलांचे, मंडळाने एक रुपया घ्यायचा नाही. पहिली तयारी बोळातच झाली. एक मुलगा पाहुणा झाला, दुसऱ्याने त्याला मराठी, कन्नड, तेलुगूची सरमिसळ करून सगळं सांगितलं, आणि अप्पांनी मध्येच थांबवून लिंगांचा क्रम तीनदा दुरुस्त करायला लावला.